आधी उजेड सारखा करा, मग कॅमेरे ताडून बघा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं शूटिंगचा सीझन सुरू होतो, आणि त्याच्या आधी महिनाभर कॅमेरा कोणता घ्यावा ही चौकशी. यावेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्या चारांची मुळं त्याच्यातच आहेत म्हणून तेवढं नीट वाचा.

प्रश्न: राम राम दादा. मी जिंतूर तालुक्यातला. सात-आठ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लग्नाचं शूटिंग केलं, आता स्वतःचा कॅमेरा घ्यायलो. सेकंडहँडमधी दोन बघितले, एक सोनीचा एमसी२५०० आणि एक एनएक्स१००. दुकानदारानं दोन्ही एकाच टीव्हीला लावून दाखवले तर एमसी२५००चा पिक्चर लई उजळ आला अन् एनएक्स१००चा मंद. जास्त पैशाचा कॅमेरा मंद कसा काय? स्वस्तातला घेऊन पैसे वाचवू का?

उत्तर: राम राम भाऊ. तुम्ही जे बघितलं ते खरंच तसं दिसलं असणार, पण त्याच्यावरून निकाल लावू नका. पिक्चर किती उजळ दिसतो हे तीन गोष्टींवर ठरतं: आयरिस (लेन्समधलं उजेड यायचं भोक) किती उघडी, शटर (एका चौकटीला किती वेळ उजेड मिळतो) किती आणि गेन (कॅमेऱ्यानं आतून वाढवलेला उजेड) किती. सेन्सर (लेन्समागं उजेड टिपणारी चिप) मोठा आहे का लहान, हे उजेडात नाही दिसत, ते पिक्चर किती स्वच्छ आलाय त्याच्यात दिसतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली ना की कॅमेरा निवडायचं निम्मं काम झालं समजा.

आता तुमच्या दोन कॅमेऱ्यांचं बघू. एमसी२५००चा सेन्सर १/४ इंची आणि लेन्स एफ १.८ पासून उघडते. एनएक्स१००चा सेन्सर १ इंची आणि लेन्स एफ २.८ पासून. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एफ १.८ आणि एफ २.८ मधी जवळपास सव्वा स्टॉपचा फरक, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर पहिल्या लेन्समधून अडीचपटीच्या आसपास जास्त उजेड पडतो. दुकानात ट्यूबलाइट असते, दोन्ही कॅमेरे ऑटोवर असतात, दोघांच्या आयरिस पूर्ण उघडलेल्या, मग एक उजळ दिसणारच की. त्यात ऑटोमधी कोणी किती गेन चढवलाय हे तुम्ही बघितलं का? स्क्रीनवर कोपऱ्यात डीबीचा आकडा येतो, तो बघायचा असतो. गेन ६ डीबीनं वाढवला की पिक्चर एक स्टॉप उजळ, १८ डीबी म्हणजे तीन स्टॉप, आठपट. आणि तो उजेड लेन्समधून आलेला नसतो, कॅमेऱ्यानं सिग्नल ताणून केलेला असतो, त्याच्यासोबत दाणेही (पिक्चरमधी वळवळणारे बारीक ठिपके) आठपट ताणले जातात.

आता दुसरी बाजू. १ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ त्या १/४ इंचीच्या जवळपास बारापट आहे. लेन्सच्या उघडण्यात तो अडीचपट मागं पडतो हे खरं, तरी ते धरून हातात पाचपटीच्या आसपास फायदा उरतो, दोन स्टॉपहून थोडा जास्त. म्हणजे मंद दिसणाऱ्या एनएक्स१००चा गेन तुम्ही ६-९ डीबी वाढवून त्याला उजळवाल्याच्या बरोबर आणलं असतं, तरी अंधारातल्या भागात त्याचा पिक्चर जास्त स्वच्छ निघाला असता. दुकानात ते कोणी करून दाखवत नाही, कारण उजळ टीव्ही बघितला की गिऱ्हाईक खूश होतं.

मी स्वतः याच्यात पोळलोय. आपल्याकडं पीडी१७० लई चालायचा, सोनीचा, २००३ सालचा, १/३ इंची तीन सीसीडीवाला (सीसीडी म्हणजे जुन्या पद्धतीचा सेन्सर), रात्रीच्या वरातीत बँडवाल्यांच्या ट्यूबलाइटवर बी नीट पिक्चर द्यायचा. नंतर एचडीव्हीचं (टेपवरच एचडी रेकॉर्डिंगचं) युग आलं, १४४० बाय १०८० चा पिक्चर, टेप तीच. मी हैदराबादला जाऊन एका दुकानात भर दुपारी दरवाजाजवळ उभं राहून एक कॅमेरा बघितला, पिक्चर काय धारदार होता, लगेच पैसे मोजले. आठ दिवसांनी पाथरीजवळच्या एका खेड्यात वरात होती, नवरदेव घोड्यावर, लाइट एका बाजूनं, आणि नवरदेवाच्या गालावर मुंग्या चालल्यासारखे दाणे. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल बसवले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी बी उन्हात बघून रात्रीचा कॅमेरा घेतला. त्या घरचे कॅसेट बघून काही बोलले नाहीत पण पुढच्या लग्नाला बोलावलं नाही.

म्हणून ताडून बघायचं तर असं बघा. दुकानदाराला तासभर मागा, दोन्ही कॅमेरे एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा, दोन्हीत चौकट सारखी भरा. ऑटो पूर्ण बंद. शटर दोन्हीचं १/५०. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं) एकाच पांढऱ्या कागदावर दोन्हीचा घेऊन लॉक. आयरिस दोन्हीची एफ ४ वर. आता गेन कमी-जास्त करत त्या पांढऱ्या कागदावर दोन्ही कॅमेऱ्यांचा झेब्रा (ठरवलेल्या उजेडाच्या भागावर स्क्रीनवर दिसणारे तिरपे पट्टे) एकाच जागी आला पाहिजे. ० डीबी दोन्हीत सारखाच असतो असं नाही, प्रत्येक कंपनीचं शून्य वेगळं, म्हणून आकडा जुळवायचा नाही, कागदाचा उजेड जुळवायचा. हे झालं की पिक्चरची तुलना सुरू, त्याच्या आधी नाही.

आणि समोर काय ठेवायचं? मी एक काळं घोंगडं, एक धुतलेलं पांढरं धोतर, करंडा भरून कुंकू आणि कालचा पेपर घेऊन जातो. घोंगडं अर्धं धोतराखाली दाबून ठेवायचं आणि शेजारच्या खिडकीतलं ऊन धोतराच्या एका घडीवर पडेल असं बसवायचं. ज्या कॅमेऱ्यात उन्हातल्या घडीची चुणी बी दिसती आणि घोंगड्याचं विणकाम बी दिसतं तो कॅमेरा मोठा. एकात घडी पांढरीफटक होऊन जाते, नाहीतर घोंगडं नुसतं काळं भोक दिसतं. कुंकवात बघायचं की लाल रंग एकसारखा ठोकळा होतोय का त्याच्यात बोटानं केलेला खळगा दिसतोय. पेपरच्या अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर समजायचं की ती धार लेन्सची नाही, कॅमेऱ्यानं डिटेल वाढवून आणलेली आहे, मोठ्या टीव्हीवर ती रेघ आणखी उठून दिसती.

मग तेच सगळं झूम पूर्ण ताणून परत एकदा. एनएक्स१००ची लेन्स पूर्ण झूमला एफ २.८ वरून एफ ४.५ वर येती, म्हणजे जवळपास दीड स्टॉप गेला. स्टेजपासून लांब उभं राहून तुम्ही झूमवरच जास्त काम करणार ना, मग वाइडला बघून काय उपयोग. सगळं कार्डवर रेकॉर्ड करून घरी आणा आणि घरच्या टीव्हीवर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर निकाल लावू नका, ती स्क्रीन कमी-जास्त उजळ करून ठेवलेली असू शकते.

माझा सल्ला विचाराल तर पैशाची ओढाताण होत असली तरी १ इंचीवाला घ्या, पण धोतर-घोंगड्याची परीक्षा झाल्याशिवाय नको. एखादा सेकंडहँड नग बिघडलेला असू शकतो, कागदावरचं गणित त्याला वाचवत नाही.

प्रश्न: माउली, आमच्या गावी (औसा तालुका) अखंड हरिनाम सप्ताह असतो. कीर्तनाचं रेकॉर्डिंग आम्ही पोरं करतो आणि यूट्यूबला टाकतो. महाराजांचं धोतर-फेटा नुसता पांढरा गोळा दिसतो, नाहीतर मग चेहरा काळा पडतो. दुपारच्या काल्याच्या कीर्तनाला तर मंडपाच्या मागून ऊन येतं तेव्हा काहीच दिसत नाही. कॅमेरा बदलावा का?

उत्तर: माउली, कॅमेरा बदलायच्या आधी ऑटो सोडा. ऑटो सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड बघतो, त्याला महाराज कोण अन् मागची कनात कोणती हे कळत नाही. रात्री मागं काळोख असला की तो पिक्चर उजळवायला जातो, धोतर जळतं. दुपारी मागून ऊन आलं की तो आयरिस दाबतो, चेहरा जातो.

झेब्रा १०० वर, म्हणजे पांढरं जळायच्या हद्दीवर, लावा. महाराज उभे राहिले की आयरिस उघडत जा, फेट्यावर पट्टे यायला लागले की तिथून हळूहळू परत दाबा, पट्टे फेट्यावरून जाऊ द्या, धोतराच्या एखाद्या कडेवर राहिले तर राहू द्या. पांढरं एकदा जळलं की एडिटिंगमधी परत येत नाही, तिथं काही रेकॉर्डच झालेलं नसतं. चेहरा थोडा अंडर (काळपट) गेला तर तो उचलता येतो, दाणे थोडे वाढतील पण डोळे-ओठ दिसतील. काही जण ७० चा झेब्रा चेहऱ्यावर आणायला सांगतात, ते गोऱ्या कातडीच्या कपाळावर ठीक आहे, आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर ७० आणायला गेलात तर फेटा पहिला जाणार. मी झेब्रा ६० वर ठेवून कपाळाच्या चकाकीवर बघतो.

चेहरा आणि धोतर यांच्यातलं अंतर कमी करायचं काम कॅमेऱ्याचं कमी आणि लाइटचं जास्त. महाराजांच्या समोरून, डोळ्यात जाणार नाही असा थोडा उंचावर, एक एलईडी पॅनल लावा. दुपारच्या कीर्तनासाठी मंडपवाल्याला आदल्या दिवशीच सांगा की व्यासपीठाच्या मागं गडद रंगाची जाड कनात बांध. दोनशे-तीनशे रुपयांच्या कनातीनं जे होतं ते लाखाच्या कॅमेऱ्यानं होत नाही, हे मी मनापासून सांगायलो.

मंडपाच्या कापडाचं बी लक्षात ठेवा. दुपारी वरून ऊन पडतं तेव्हा पिवळ्या कापडाखाली सगळे टाळकरी काविळीचे दिसतात, लाल कापडाखाली लाल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला तर महाराज दोन पावलं पुढं आले की रंग बदलतो, मागं गेले की परत बदलतो. जिथं उभं राहून कीर्तन होणार त्या जागी पांढरा कागद धरून मॅन्युअल बॅलन्स घ्या, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. आणि शटर १/५० नाहीतर १/१००, दुसरं नको. आपल्या लाइनचा करंट ५० हर्ट्झचा, साधे लाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, शटर १/६० ठेवलं की पिक्चरमधी लाटा चालल्यासारखं होतं.

एवढं सगळं करून बी धोतर जळत असंल तर मग कॅमेरा बदला, आणि बदलताना तिथंच व्यासपीठावर धोतर-फेटा घातलेल्या एखाद्या विणेकऱ्याला उभं करून दोन्ही कॅमेऱ्यांत बघा. फोटोचा मिररलेस कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर एक सांभाळा, कितीतरी जुन्या मॉडेलमधी रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदाला आपोआप थांबतं आणि आपलं कीर्तन दोन तासांचं. उन्हाळ्यात ते तापून बंद पडतात ते वेगळंच.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरची, लेणी आणि जुन्या वास्तूंवर छोटे व्हिडिओ करते. दोन कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात किमान उजेडाचा लक्स आकडा दिलाय, एकाचा १.२ आणि दुसऱ्याचा ३. कमी आकड्याचा कॅमेरा अंधारात चांगला, असंच ना?

उत्तर: नाही ताई, तसं धरून चालू नका. तो आकडा काढताना एकानं शटर १/२५ धरलेलं असतं, दुसऱ्यानं १/५०, एकानं गेन पूर्ण चढवलेला असतो. नुसतं शटर १/५० वरून १/२५ केलं की उजेड दुप्पट, म्हणजे ३ चा १.५ तिथंच झाला. आणि त्या उजेडात पिक्चर 'दिसतो' एवढंच त्यांचं म्हणणं, बघण्यासारखा दिसतो असं नाही. खाली बारीक अक्षरात शटर आणि गेन काय धरलाय ते लिहिलेलं असतं, ते दोन्हीचं सारखं असेल तरच आकडे शेजारी ठेवा.

अजिंठ्याला तुम्ही गेला असालच. आत चित्रांवर फ्लॅश चालत नाही आणि ते योग्यच आहे, तेव्हा जो मंद उजेड आहे त्याच्यातच काम. भिंत हलत नाही, मग स्टँड किंवा काही टेकू मिळाला तर शटर १/२५ करा, गेन ६ डीबीनं कमी करता येईल, चित्रातल्या फिकट रेषा दाण्यांत हरवणार नाहीत. कॅमेरा फिरवायचा असेल तर मात्र १/२५ ला पुसट होतं. वेरूळच्या कैलास लेण्यात उलटी अडचण, वर आकाश तापलेलं, खाली काळा बेसॉल्ट आणि खोल सावली. तिथं तुम्हाला एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) लागणार. तो नसला की आयरिस एफ ११, एफ १६ पर्यंत दाबावी लागते आणि छोट्या सेन्सरवर एवढी दाबलेली आयरिस पिक्चर मऊ करते, दगडावरचं छिन्नीचं काम पुसट होतं. फिरवून लावता येणारे १/४, १/१६, १/६४ असे एनडी कॅमेऱ्यातच असतील तर तो कॅमेरा तुमच्या कामाचा, लक्स काहीही असो.

प्रश्न: बीडहून लिहितोय. सगळे फोर-के घे म्हणायलेत. फुल एचडीवाला घेतला तर मागं पडेन का?

उत्तर: फोर-केमधी फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, ८३ लाखाच्या आसपास. उजेड भरपूर असला तर फायदा आहे, एडिटिंगमधी चौकट कापून जवळचा शॉट काढता येतो, एका कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याला ते मोलाचं. पण १०० एमबीपीएसला (सेकंदाला किती डेटा लिहिला जातो त्याचा आकडा) फोर-के तासाला ४५ जीबी भरतं, फुल एचडीच्या २८ एमबीपीएसवाल्या एव्हीसीएचडी रेकॉर्डिंगला साडेबारा जीबीच्या आसपास. लग्न सहा तासांचं धरलं तर २७० जीबी, कार्ड, हार्डडिस्क, कॉम्प्युटर सगळंच वाढवावं लागतं. तुमचं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघणार असेल तर मोठा सेन्सर आणि चांगली लेन्स आधी, फोर-के नंतर. एकाच बजेटमधी लहान सेन्सरचा फोर-के आणि १ इंची फुल एचडी मिळत असेल तर मी दुसरा घेईन. १ इंची फोर-के परवडत असेल तर मग प्रश्नच नाही.

प्रश्न: अक्षदा पडायच्या वेळी फोटोवाल्यानं फ्लॅश मारला की माझ्या व्हिडिओत अर्धी चौकट पांढरी अन् अर्धी साधी येते. कॅमेरा खराब आहे का? सेकंडहँड घेतलाय. (लोहा, जि. नांदेड)

उत्तर: खराब नाही. सीमॉस सेन्सर (आजकालच्या कॅमेऱ्यांत असतो तो) चौकट एकदम वाचत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. फ्लॅश हजारांश सेकंदाचा, तो मधेच पडला की काही ओळींना मिळतो, काहींना नाही. जुन्या सीसीडीत पूर्ण चौकट एकदम उजळायची म्हणून ते दिसायचं नाही. याला इलाज म्हणजे शटर १/५० च्या वर नेऊ नका, शटर जितकं वेगवान तितका पट्टा उठून दिसतो. उरलेली एखादी चौकट एडिटिंगमधी शेजारच्या चौकटीनं झाकता येते.

सेकंडहँड आहे म्हणता तर तीन गोष्टी या आठवड्यात बघून घ्या, दुकानदारानं दिलेली मुदत संपायच्या आत. लेन्सला टोपण लावा, गेन १८ डीबी करा, दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा तापू द्या आणि मग एक मिनिट रेकॉर्ड करून टीव्हीवर अंधारात बघा. दाणे सगळीकडं हलतात, ते चालतं. पण एकाच जागी न हलणारा लाल-निळा-पांढरा ठिपका दिसला तर तो पिक्सेल गेलेला. दुसरं, टोपण काढून लेन्समधी मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे. ती असली की पिक्चर धुरकट होतो, समोर लाइट आला की जास्तच, आणि माणूस आयरिसला दोष देत बसतो. तिसरं, मॅन्युअलमधी आयरिस पूर्ण उघडी ते पूर्ण बंद अशी सावकाश फिरवा, उजेड एकसारखा उतरला पाहिजे, मधेच झटका बसत असेल तर पाती अडकायलीत. त्या तिन्हीतलं काही निघालं तर रेकॉर्ड केलेलं कार्ड सोबत घेऊन जा आणि त्याच्याच टीव्हीवर लावून दाखवा.